७२,००० ची विक्री, खात्यात ४६,२००: मधले पैसे कुठे गेले?

प्रश्न: मी हाताने बांधलेल्या वह्या आणि डायऱ्या ऑनलाइन विकते. बरीचशी विक्री एका मोठ्या प्लॅटफॉर्मवरून होते, थोडी स्वतःच्या वेबसाइटवरून. वेबसाइटवर छापून घेता येतील अशा प्लॅनरच्या पीडीएफ फायलीही ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डवर विक्री ७२,००० दिसत होती, पण तिथून बँकेत आले ४६,२००. वेबसाइटवरचे १८,००० वेगळे. असं असूनही १ तारखेला खात्यात ४१,६०० होते ते महिनाअखेरीला २६,४६० वर आले. मी बँकेचं स्टेटमेंट महिन्यातून एकदा एक्सेलमध्ये उतरवते. जमा बाजूची बेरीज म्हणजे कमाई आणि नावे बाजूची बेरीज म्हणजे खर्च, असं धरते. त्या हिशेबाने मी १५,१४० ने तोट्यात आहे. महिन्याला १४० तास राबून तोटा? सोबत सगळे रिपोर्ट जोडले आहेत. काय चुकतंय?

उत्तर: तोट्यात नाही तुम्ही. जोडलेल्या कागदांवरून गेल्या महिन्यात २०,०१३ सुटले आहेत. तुमची बेरीज चुकलेली नाही, बेरजेला घेतलेली वस्तू चुकली. बँकेचं स्टेटमेंट पैसे कधी हलले एवढंच सांगतं. ते कशाचे होते, कुठल्या महिन्याचे होते, वाटेत कोणी काय कापून घेतलं, हे त्यात नसतं. ऑनलाइन विक्रीत कापाकापी बँकेत पैसे पोहोचण्याआधीच झालेली असते, त्यामुळे स्टेटमेंटवरून हिशेब करणाऱ्याला बराचसा खर्च कधी दिसतच नाही.

आधी ७२,००० आणि ४६,२०० यांच्यामधले २५,८०० शोधू.

प्लॅटफॉर्मला तुमची दुसरी बँक समजा. ग्राहक पैसे तिथे भरतो, प्लॅटफॉर्म त्यातून आपली देणी वळती करून घेतो आणि उरलेल्यातले काही दर आठ-पंधरा दिवसांनी तुमच्या खऱ्या बँकेत पाठवतो. म्हणून खतावणीत (प्रत्येक खात्याला वेगळं पान देणाऱ्या हिशेबात) त्याच्या नावाचं स्वतंत्र पान हवं. युक्ती नवी नाही. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने व्यापाऱ्यांची जमाखर्चाची रीत छापून प्रसिद्ध केली, तीही प्रत्येक येण्या-देण्याला स्वतःचं खातं देण्यावरच उभी आहे. प्लॅटफॉर्मवरून ‘सेटलमेंट रिपोर्ट’ किंवा ‘पेमेंट रिपोर्ट’ उतरवून घ्या. डॅशबोर्डचा आलेख हिशेबाच्या कामाचा नाही. तुमच्या रिपोर्टवरून ते पान असं बनतं:

महिन्याच्या सुरुवातीला प्लॅटफॉर्मकडे पडून असलेले: ९,४००
अधिक विक्री: ७२,०००
अधिक ग्राहकांनी भरलेलं डिलिव्हरी शुल्क: ६,३००
वजा रिफंड: ४,१००
वजा कमिशन, विक्रीवर १२ टक्के: ८,६४०
वजा पेमेंट शुल्क, ७८,३०० वर ३ टक्के: २,३४९
वजा प्लॅटफॉर्मवरच्या जाहिराती: ५,२००
वजा कुरिअर: ९,८५०
अधिक रिफंड झालेल्या मालावरचं परत मिळालेलं कमिशन: ४९२
वजा बँकेत पाठवलेले: ४६,२००
महिनाअखेर प्लॅटफॉर्मकडे शिल्लक: ११,८५३

शेवटचा आकडा प्लॅटफॉर्मच्या पडद्यावर महिन्याच्या शेवटच्या दिवशी दिसणाऱ्या शिलकीशी जुळला पाहिजे. जुळला तर पान बरोबर. फरक पडला तर एखादी ओळ सुटली आहे. बहुतेक वेळा ती राखून ठेवलेली रक्कम असते (परताव्याच्या जोखमीपोटी काही प्लॅटफॉर्म विक्रीचा काही भाग ठरावीक दिवस अडवून ठेवतात), नाहीतर कुरिअरने नंतर लावलेला वजनाचा फरक.

आता त्या पानातल्या काही ओळी नीट बघा. रिफंडवर कमिशन परत मिळालं, पेमेंट शुल्क मिळालं नाही. ४,१०० वर ३ टक्के म्हणजे १२३ गेले ते गेलेच. वर त्या पार्सलचं जाण्याचं कुरिअर तुमच्या अंगावर, आणि परतीचंही असेल तर तेही. म्हणून रिफंड ‘खर्च’ या वर्गात टाकू नका. तो विक्रीतून थेट वजा करा आणि त्याच्यामुळे बुडालेलं कुरिअर व शुल्क त्यांच्या त्यांच्या वर्गात राहू द्या. तसं केलं की ‘एका परताव्यामागे किती जातात’ हे काढता येतं. सगळं ‘रिफंड खर्च’ या एका ढिगात गेलं की ते कधीच कळत नाही.

कुरिअरच्या ओळीत तुमचे पैसे गळताहेत असं दिसतं. ग्राहकांकडून ६,३०० घेतले, दिले ९,८५०. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच ठिकाणी ५,००० ने भागतात. डायरी ६०० ग्रॅमची असली आणि खोका ३० × २५ × १० चा असला, तर ७,५०० भागिले ५,००० म्हणजे दीड किलोचे पैसे पडतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘वजन समायोजन’ नावाच्या ज्या नऊ नोंदी आहेत, त्या खोके मोजून बघा. भागाकार किती लावतात ते तुमच्या कुरिअरच्या दरपत्रकात असतं.

बँकेतून एक ओळ येते: ‘प्लॅटफॉर्मकडून ४६,२००’. ही ओळ विक्री म्हणून मांडायची नाही. ती एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम आहे. विक्री आधीच प्लॅटफॉर्मच्या पानावर नोंदली गेली. ऑर्डरही लिहायच्या आणि बँकेतली आवकही विक्री म्हणून लिहायची, म्हणजे तोच पैसा दोनदा मोजायचा. ऑनलाइन धंद्याच्या हिशेबातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक बहुधा हीच.

क्रेडिट कार्डाचंही असंच. कार्डाने कागद घेतला त्या दिवशी खर्च नोंदला, मग कार्डाचं बिल भरलं की पुन्हा खर्च नोंदला, असं होतं. कार्ड हेही एक खातंच. बिल भरणं म्हणजे फक्त देणं फेडणं. कर्जाचा हप्ता मात्र फोडून लिहावा लागतो: व्याजाचा भाग खर्च, मुद्दलाचा भाग खर्च नाही.

आता नोंदी कशात आणि कशा ठेवायच्या. तुमच्या आकाराच्या धंद्याला स्प्रेडशीट पुरते. महिन्याला दोन-तीनशे ऑर्डरच्या वर गेलात, किंवा तीन-चार ठिकाणांहून विकू लागलात, की हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचा विचार करा. त्याआधी घेतलं तर तुमच्याच्याने न जुळलेला गोंधळ सॉफ्टवेअर फक्त देखणा करून दाखवेल.

स्प्रेडशीटच्या या वहीत तीन पानं (शीट) पुरेत: नोंदी, वर्गांची यादी, महिन्याचा गोषवारा. प्रत्येक महिन्याला वेगळं पान उघडण्याचा मोह आवरा. बारा पानं झाली की वर्षभराचा कुरिअरचा खर्च महिनावार ताडून बघायला बारा ठिकाणी हिंडावं लागतं आणि एका पानात चुकून एक रकाना सरकला की सगळी सूत्रं कोसळतात. रोजकीर्द, म्हणजे नोंदींचं पान, एकच, सलग, वर्षभराचं. महिना वेगळा काढायचं काम एक्सेलच्या पिव्हट टेबलचं (गटवार बेरजा मांडणारं साधन) किंवा सम-इफ्स सूत्राचं (अटीनुसार बेरीज).

रकाने: तारीख, महिना, कोणाकडून किंवा कोणाला, वर्ग, आले, गेले, कोणतं खातं (बँक, कार्ड, प्लॅटफॉर्म, वेबसाइटचा पेमेंट गेटवे म्हणजे ग्राहकाचे पैसे स्वीकारणारी सेवा, रोख), ऑर्डर किंवा बिल क्रमांक, टीप. ‘वर्ग’ आणि ‘खातं’ या दोन रकान्यांना यादीतूनच निवडता येईल अशी ड्रॉपडाउन लावा. हाताने टाइप करू दिलं तर ‘कुरिअर’, ‘कुरियर’ आणि शेवटी एक रिकामी जागा पडलेलं ‘कुरिअर ’ असे तीन वर्ग तयार होतात, आणि बेरीज त्यांतला एकच उचलते.

वर्ग मोजके ठेवा. विक्री, डिलिव्हरी शुल्क (आलेलं), रिफंड, माल, प्लॅटफॉर्म व पेमेंट शुल्क, कुरिअर, पॅकिंग, जाहिरात, सॉफ्टवेअर व वेबसाइट, फोन-इंटरनेट, यंत्रसामग्री, उचल (स्वतःसाठी काढलेले पैसे), भांडवल (स्वतः घातलेले पैसे), एका खात्यातून दुसऱ्यात बदली. एवढ्यात तुमचं भागेल. ‘किरकोळ’ हा वर्ग ठेवायला हरकत नाही, पण एकूण खर्चाच्या दोन-तीन टक्क्यांवर गेला तर उघडून बघा, तिथे काहीतरी दडलेलं असतं.

प्लॅटफॉर्मच्या फायली एक्सेलमध्ये उघडताना काही खड्डे आहेत. ऑर्डर क्रमांक १५ अंकांहून लांब असेल तर एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं आणि पुढचे शून्य करून टाकतं. फाइल दुहेरी क्लिक करून उघडली, सेव्ह केली, की मूळ क्रमांक कायमचा गेला. त्यामुळे फाइल थेट न उघडता ‘डेटा’ या टॅबमधून आयात करा आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या. आयात करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडलं नाही तर देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. तारखांचा घोटाळा याहून वाईट, कारण तो दिसत नाही: ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे तुमच्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. १३ तारखेपासून पुढच्या तारखा वाचता न आल्यामुळे मजकूर म्हणून पडून राहतात, पहिल्या बारा तारखा मात्र निमूटपणे भलत्याच महिन्यांत जाऊन बसतात. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहायची सवय लावा, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. आणि सेल जोडू नका, रंगाला अर्थ देऊ नका. ‘पिवळ्या ओळी म्हणजे पैसे यायचे आहेत’ हे सूत्राला कळत नाही. त्यासाठी रकाना करा.

महिना कोणता धरायचा? विक्रीची तारीख म्हणजे ऑर्डर आली ती, पार्सल निघालं ती, की पैसे मिळाले ती? तुमच्यासाठी पार्सल निघाल्याची तारीख योग्य. ऑर्डर येऊन पैसे भरले गेले आणि वही अजून शिवायचीच आहे, तर ते पैसे ग्राहकाचं तुमच्याकडे असलेलं आगाऊ आहे. रद्द झालं तर परत द्यावं लागेल. महिनाअखेरीला अशा ऑर्डर वेगळ्या काढून पुढच्या महिन्यात ढकला. पीडीएफला हा प्रश्न नाही, ती विकली त्याच क्षणी पोहोचते. एकच पद्धत धरून वर्षभर तीच ठेवा. आणखी एक: काही प्लॅटफॉर्मचे रिपोर्ट तुमच्या घड्याळाप्रमाणे नसतात, दुसऱ्या टाइम झोनचे असतात. ३१ तारखेच्या रात्रीच्या ऑर्डर त्यांत १ तारखेच्या किंवा उलट दिसतात. दोन रिपोर्टांत फरक येतो आणि सगळं बरोबर असूनही ताळा लागत नाही, तेव्हा पहिल्यांदा हे तपासा.

कूपनचंही ठरवून टाका. ५०० ची डायरी ४५० ला गेली तर विक्री ४५० च. ५०० विक्री आणि ५० जाहिरात खर्च असं दाखवणं चुकीचं नाही, पण मग विक्रीचा आकडा फुगतो आणि मन खूश होतं, हिशेबाला काही मिळत नाही.

माल हा या सगळ्यात कठीण भाग. तुम्ही गेल्या महिन्यात कागद, पुठ्ठा, कापड, धागा मिळून ३८,५०० चं साहित्य घेतलं. तो सगळा त्या महिन्याचा खर्च नाही. विकल्या गेलेल्या वह्यांत जेवढं गेलं तेवढाच खर्च, उरलेलं कपाटात पैशाच्या रूपात पडून आहे. हे काढायला प्रत्येक वहीमागे किती सेंटिमीटर धागा लागला ते मोजायची गरज नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिल्लक माल मोजा आणि एवढंच करा: सुरुवातीचा माल, अधिक खरेदी, वजा अखेरचा माल. तुमचे आकडे: ३१,००० अधिक ३८,५०० वजा ३६,५००, म्हणजे ३३,०००. विकलेल्या मालाची किंमत ही.

शिल्लक माल नेहमी तुम्हाला पडलेल्या किमतीला धरायचा, विक्रीच्या किमतीला कधीच नाही. तसं केलं तर न झालेला नफा आधीच खाऊन मोकळ्या व्हाल. भाव बदलत असतील तर सरासरी काढा: पुठ्ठ्याचे २०० तुकडे १२ ने आणि ३०० तुकडे १४ ने घेतले, तर एकूण ६,६०० भागिले ५००, म्हणजे तुकड्याला १३.२०. अर्धवट शिवलेल्या वह्या साहित्याच्या किमतीला धरल्या तरी चालेल. कापताना वाया गेलेला कागद, फाटलेलं कापड, परत आलेली खराब डायरी मोजणीत धरू नका, म्हणजे ते नुकसान आपोआप खर्चात येतं. मोजणी कंटाळवाणी आहे, हे मान्य. पण ही मोजणी टाळणाऱ्याचा नफा खरेदीच्या महिन्यात गडप होतो आणि पुढच्या महिन्यात उगाच उसळतो. पॅकिंगचे ३,४०० मी सरळ खर्चात धरले आहेत. टेप आणि खोके मोजत बसण्याइतकी ती रक्कम मोठी नाही.

वर्षाचं एकदम भरलेलं शुल्क आणि यंत्रं हे दोन खर्च महिन्याच्या चित्राला आडवे येतात. वेबसाइटचे १४,४०० तुम्ही याच महिन्यात भरलेत. त्यातले या महिन्याचे १,२०० च. बाकी ११ महिन्यांचे १३,२०० आगाऊ भरलेले आहेत. कटिंग मशीन ३६,००० चं, ते ३ वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला १,००० घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत. कर भरताना घसाऱ्याचे दर तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे वेगळे असू शकतात. इथे आपल्याला फक्त महिना खरा दिसायला हवा आहे.

आता सगळं एकत्र मांडू. विक्री ७२,००० अधिक १८,०००, डिलिव्हरी शुल्क ६,३००, त्यातून रिफंड ४,१०० गेले: निव्वळ उत्पन्न ९२,२००. त्यातून विकलेल्या मालाची किंमत ३३,०००. प्लॅटफॉर्म आणि पेमेंट शुल्क ११,०३७ (कमिशन परत आलेले ४९२ वजा करून, वेबसाइटच्या गेटवेचे ५४० धरून). कुरिअर १२,७५०, कारण वेबसाइटवरच्या पार्सलांचे २,९०० तुम्ही वेगळे भरता. पॅकिंग ३,४००. जाहिराती बाहेरच्या ३,००० धरून ८,२००. उरले २३,८१३. मग दर महिन्याला असणारच असे खर्च: वेबसाइट १,२००, सॉफ्टवेअर ९००, फोन-इंटरनेटचा धंद्याचा वाटा ७००, घसारा १,०००, एकूण ३,८००. नफा २०,०१३.

आणि बँक तर १५,१४० ने घटली! या दोन आकड्यांत ३५,१५३ चा फरक आहे, आणि तो पैन् पै सांगता आला तरच वरचा नफा खरा मानायचा. कपाटातला माल ५,५०० ने वाढला. प्लॅटफॉर्मकडे अडकलेले पैसे ९,४०० वरून ११,८५३ झाले, म्हणजे २,४५३ तिथे जास्त पडून आहेत. वेबसाइटचे १३,२०० आगाऊ गेले. घरखर्चाला तुम्ही १५,००० काढलेत. हे सगळं मिळून ३६,१५३. त्यातून घसाऱ्याचे १,००० वजा करा, कारण तो खर्च धरला पण त्यासाठी बँकेतून काही गेलं नाही. उरले ३५,१५३. मेळ बसला.

हा शेवटचा ताळा बहुतेक लोक करत नाहीत. नफा काढला की वही मिटतात. पण या दोन आकड्यांमधली दरी कशाने पडली यातच पुढच्या महिन्याचे निर्णय असतात. तुमच्या बाबतीत काळजीचं काही नाही: सगळ्यात मोठी रक्कम तुम्ही स्वतः काढलीत, दुसरी वर्षातून एकदाच येणारी आहे. मात्र मालाचे ते ५,५०० दर महिन्याला असेच वाढत राहिले तर तुम्ही विकण्यापेक्षा जास्त वेगाने कागद भरता आहात, आणि नफा दिसूनही हात रिकामा राहील.

ते १५,००० तुमच्या एक्सेलमध्ये ‘पगार’ म्हणून खर्चात पडले होते. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाने काढलेली रक्कम ही उचल असते, खर्च नाही. तसंच महिन्याच्या मध्ये स्वतःच्या बचतीतून खात्यात घातलेले पैसे ही कमाई नाही, भांडवल आहे. घरचं आणि धंद्याचं खातं आजच वेगळं करा. धंद्याच्या खात्यातून घरचा किराणा भरायचाच नाही. ठरलेल्या तारखेला एक ठरावीक उचल घरच्या खात्यात पाठवायची आणि तिथून काय ते करायचं. हे एक केलंत तर नोंदींची संख्या बरीच घटेल.

उचल खर्च नसली तरी तुमच्या श्रमाला किंमत आहे. २०,०१३ भागिले १४० तास, म्हणजे तासाला १४३ च्या आसपास. हा आकडा नफ्याच्या खाली रोज नाही, महिन्यातून एकदा लिहा. तास वाढून तो घसरत असेल तर विक्री वाढल्याचा आनंद मानण्याआधी दर तपासा.

जाहिरातीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आकडे समोर आहेत म्हणून सांगतो. जाहिरात सोडून बाकी बदलते खर्च (विक्रीबरोबर वाढणारे) वजा केले तर तुमच्याकडे दर १०० च्या उत्पन्नामागे ३५ च्या आसपास उरतात. म्हणजे बाहेरच्या ३,००० च्या जाहिरातींनी ८,६०० च्या वर विक्री आणली नसेल तर त्या पदरमोड करून चालवल्यासारख्या आहेत. वेबसाइटवर कमिशन नाही, तिथे हा उंबरठा थोडा खाली येईल, पण डिलिव्हरी मोफत देता त्यामुळे फार नाही. बऱ्याच ठिकाणी जाहिरातीचं बिल ठरावीक रकमेला पोहोचलं की कापलं जातं आणि महिनाअखेरीला पुन्हा, त्यामुळे खर्च कार्डावरच्या तारखेवरून न घेता जाहिरातीच्या अहवालातून महिनावार घ्या.

पीडीएफला माल नाही, कुरिअर नाही, म्हणून त्यातलं सगळंच सुटतं असं वाटतं. तुमच्या गेटवेचे सरळ ३ टक्के आहेत, तोपर्यंत ठीक. पण काही पेमेंट सेवा टक्केवारीशिवाय प्रत्येक व्यवहाराला ठरावीक रक्कमही लावतात. समजा ३ टक्के अधिक १०: मग १०० च्या फाइलमागे १३ गेले. तीन फायलींचा संच २७० ला ठेवलात तर १८.१० जातात, म्हणजे सात टक्क्यांहून कमी. गेटवे बदलताना हे लक्षात असू द्या.

ग्राहकाकडून विक्रीवर कर वसूल करावा लागत असेल तर ती रक्कम क्षणभरही तुमची नसते. ‘देणे कर’ या खात्यात ठेवा, विक्रीत धरू नका, आणि जमल्यास बँकेतही वेगळी काढा. काही ठिकाणी प्लॅटफॉर्म स्वतःच तो भरतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तशी ओळ आहे का ते एकदा हिशेबनिसाला दाखवा. नफ्यावरच्या करासाठीही दर महिन्याला काही बाजूला टाकायचं, किती ते तोच सांगेल.

कामाची वाटणी अशी ठेवा. आठवड्यातून एक दिवस, वीस-पंचवीस मिनिटं: बँक आणि कार्डाच्या ओळी उतरवणं, वर्ग लावणं, पावत्यांचे फोटो काढून तारीख-दुकान-रक्कम अशा नावाने साठवणं. गुळगुळीत थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत कोरी होते, तिचा फोटो त्याच दिवशी काढा. महिनाअखेरीला फक्त मालाची मोजणी आणि प्लॅटफॉर्म, गेटवे, बँक व कार्डाच्या शिलकीचे पडद्यावरचे फोटो. महिना बंद करायचं बाकीचं काम पुढच्या महिन्याच्या ४-५ तारखेला, तोवर उशिरा येणाऱ्या ओळी येऊन गेलेल्या असतात. त्यानंतरही कुरिअरचा एखादा फरक आला तर ज्या महिन्यात आला त्यातच लिहा. बंद केलेला महिना पुन्हा उघडू नका, नाहीतर जुने आकडे कायम हलते राहतील. ताळा लागत नसेल तेव्हा एक जुनी खूण कामाला येते: फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झाली आहे, ५४० च्या जागी ४५० असं काहीतरी. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती उलट बाजूला पडलेली असू शकते.

मागची दोन वर्षं या पद्धतीने उतरवून काढायच्या फंदात मात्र पडू नका. कराच्या कामाला जुनी स्टेटमेंट आणि रिपोर्ट जपून ठेवा, तेवढं बस. गेल्या महिन्याचा अखेरचा ताळा वर लागलेला आहेच, त्यामुळे नव्या वहीची पहिली ओळ तयार आहे: बँक २६,४६०, प्लॅटफॉर्म ११,८५३, माल ३६,५००, आगाऊ भरलेले १३,२००. गेटवेकडे काही अडकलं असेल आणि कार्डाचं देणं असेल तर ते त्याखाली लिहा, आणि तिथून पुढे चला.